थोरल्याने काढलेली चूक

दोघे सख्खे भाऊ, शब्दकोशाच्या एकाच कचेरीत, एकाच टेबलापाशी समोरासमोर, आणि बोलणं बंद! आई कोणाकडे राहणार यावरून वाजलं होतं. आई बिचारी केव्हाच गेली, भांडण मात्र ठणठणीत.

काम अडत नसे, कारण कामच तोंडाचं. धाकटा मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि थोरला छापील प्रूफ नजरेखालून घालायचा. फरक दिसला की थोरल्याने बोलून दाखवायचा, असा तिथला नियम. दोघांत तेवढाच काय तो संवाद.

आज थोरल्याचा शेवटचा दिवस. उद्या तो लेकीकडे परदेशी निघणार, कायमचा. हेसुद्धा धाकट्याला शिपायाकडून कळलं! सकाळपासून 'दादा' हा शब्द त्याच्या ओठांवर येत होता आणि परत जात होता. आपणच का म्हणून नमतं घ्यायचं? मेला हा ताठा!

संध्याकाळी शेवटच्या पानावर इंग्रजी शब्द आला, सेल्फ-परपेच्युएटिंग. धाकट्याने वाचलं, "विशेषण. एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला चालू ठेवणारं. बहुधा नकोशा गोष्टींबद्दल वापरतात, जसं भीती, अफवा, वैर."

पुढे उदाहरण होतं, अफवेचं. धाकटा वाचता वाचता थांबला. आज नाही तर कधीच नाही. त्याने कागद पालथा घातला आणि वाचल्याच्याच सुरात म्हणाला, "उदाहरण. धाकटा बोलत नाही म्हणून थोरला बोलत नाही, आणि थोरला बोलत नाही म्हणून धाकटा बोलत नाही."

थोरल्याची पेन्सिल थांबली. छापलेल्या ओळीत यातलं अक्षरही नव्हतं, म्हणजे नियमाने त्याने बोलायलाच हवं होतं. पण त्याने पेन्सिल खाली ठेवली. धाकट्याला वाटलं, संपलं, आता हा उठणार, पिशवी उचलणार आणि चालू लागणार.

थोरल्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"चूक आहे," तो म्हणाला.

"कुठे?" धाकट्याने विचारलं.

"सुरुवातीलाच. आधी थोरल्याने बोलणं टाकलं. आई गेल्यावर धाकटा थोरल्याच्या दारात येऊन उभा राहिला होता, तेव्हा थोरल्याने तोंड फिरवलं. तेवढं गाळलंस तू."

"दादा..." धाकटा म्हणाला, आणि पुढचं त्याला काही वाचता येईना.