खालच्या स्वयंपाकघराचा अंदाज

नुन्झियाताच्या घरात स्वयंपाकघरं दोन होती. वरचं दाखवायला आणि खालचं रांधायला. वरच्यात इटलीहून मागवलेल्या फरशा, काचेची कपाटं, आणि खुर्च्यांवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच. तिथला ओव्हन चाळीस वर्षांत एकदाही पेटला नव्हता. त्यात तिने ठेवणीतले टेबलक्लॉथ घड्या घालून ठेवले होते.

खालचं म्हणजे घर ज्या खांबांवर उभं होतं त्या खांबांमधली जागा. तिचा नवरा अल्फिओ आणि त्याचे तीन भाऊ, चौघांनी मिळून ईस्टरच्या सुट्टीत ती विटांनी बंद केली, जमीन केली, कोपऱ्यात लाकडावरची भट्टी बांधली. परवानगी कुणाची घेतली नाही. इंगहॅमच्या उसाच्या पट्ट्यात तेव्हा कुणीच घेत नसे. पालिकेचाच एक माणूस विटा उतरवायला आला होता, असं अल्फिओ सांगायचा. अल्फिओच्या सांगण्यातलं निम्मंच धरायचं, हे नुन्झियाताला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

अल्फिओ जाऊन नऊ वर्षं झाली. त्याने विम्यात लिहिलेला घराचा आकडा मात्र तसाच होता, आणि या नोव्हेंबरात, वादळाच्या दिवसांच्या तोंडावर, कंपनीचं पत्र आलं. हे घर आज नव्याने बांधायचं तर किती लागेल ते जाणकाराकडून लिहून आणा, शुक्रवारपर्यंत. नाहीतर घर गेल्यास जुन्या आकड्याएवढंच मिळेल.

जुन्या आकड्याने काय होतं ते तिने जवळून पाहिलं होतं. तिची नणंद पेपिना. मागच्या वादळात तिचं घर गेलं, आणि विम्याच्या पैशात खांब आणि अर्धी भिंत एवढंच उभं राहिलं. आता पेपिना टाउन्सव्हिलला मुलाच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहते, खिडकीतून पार्किंग बघते आणि सून देईल ते डब्यातलं सूप पिते. दर रविवारी फोनवर म्हणते, इथे सगळं छान आहे. नुन्झियाताला मरणाची भीती नव्हती. कबरस्तानात अल्फिओशेजारी संगमरवरात तिची जागा ठरलेली होती. तिला भीती होती ती चौथ्या मजल्याची.

म्हणून सून लीअॅनने अंदाज काढणारी बाई बोलावली तेव्हा नुन्झियाताने अडवलं नाही. पण बाई यायच्या दिवशी पहाटेच उठून तिने खालच्या दारासमोर ट्रॅक्टरची तीन टायरं लोटली, वरून ताडपत्री टाकली आणि तिच्यापुढे ओल्या चादरींची दोरी बांधली. लीअॅन आली आणि बघतच राहिली.

"मम्मा, ती विम्यासाठी येतेय. पालिकेची नाही ती."

"जिच्या हातात कागद ती पालिकेची," नुन्झियाता म्हणाली. "उद्या येऊन माझी भट्टी पाडतील. तू येशील पाव भाजायला? तुला तर भाजी उकडण्यापलीकडे काही येत नाही."

लीअॅनने सव्वीस वर्षं हे ऐकलं होतं. ती टायरांवर टेकून बसली.

ग्लेनिस नावाची ती बाई साठीची असेल. पांढरी वेणी, चिखलाचे बूट, हातात लाल ठिपका पाडून अंतर मोजणारं एक यंत्र, काखेत टॅब्लेट. बूट तिने न सांगता पायरीवर काढले, तेवढ्यावर नुन्झियाताने तिला कॉफी दिली. मग वरचं घर दाखवायला घेतलं ते एखाद्या लग्नाच्या मुलीसारखं. फरशा कुठल्या, झुंबर कुठलं, जहाजाने यायला किती महिने लागले. ग्लेनिस मान हलवत होती आणि भिंतीवर बोटाने टकटक करत होती. छताच्या पोकळीत शिरून आली, कोळिष्टकं झटकली. ओव्हन कुठल्या बनावटीचा ते बघायला म्हणून दार उघडलं. आत पांढऱ्या लेसचे टेबलक्लॉथ होते.

"स्वयंपाक कशावर करता?" तिने विचारलं.

"आता वय झालं," नुन्झियाता म्हणाली. "फारशी खात नाही मी."

ग्लेनिसने तिच्या दंडांकडे एकदा पाहिलं आणि टॅब्लेटवर काहीतरी टिपलं. लीअॅनने खिडकीबाहेर तोंड केलं.

शेवटी घराच्या दर्जाचा रकाना आला. ग्लेनिसने मोठ्याने वाचलं: साधारण. लाकडी भिंती, पत्र्याचं छत, एक न वापरलेलं स्वयंपाकघर, खाली गोदाम.

नुन्झियाताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सिसिलीहून आल्या दिवसापासून ऊस तोडून उभं केलेलं घर, आणि ही बाई त्याला सगळ्यांच्या रांगेत उभं करत होती. तिने साधारण म्हणजे काय ते विचारलं, झुंबर पुन्हा दाखवलं, पेपिनाच्या घरात असं झुंबर नव्हतं हेही सांगितलं. ग्लेनिस चिडली नाही. ती म्हणाली की मी घर विकत घ्यायला आलेले नाही, झुंबराचं कौतुक माझ्या रकान्यात बसत नाही.

"असं करा," ती म्हणाली, "समजा वादळ येऊन गेलं. इथे नुसती जमीन आहे. विमा सगळे पैसे देतोय. पहिल्यांदा काय बांधाल?"

नुन्झियाताने इटालियन फरशा म्हणायला तोंड उघडलं. पण डोळ्यांसमोर मोकळी जमीन आली आणि तिच्यावर एक भट्टी. भट्टीशेजारी दगडी मोरी, जानेवारीच्या उन्हाळ्यातले टोमॅटो शिजवायची चूल, सॉसेज टांगायचे आकडे. तिने मनातल्या मनात त्यावर वरचा मजला चढवून पाहिला. तो काही केल्या चढेना. पेपिना फोनवर सगळं छान आहे म्हणताना ज्या आवाजात म्हणते, तो आवाज तिला ऐकू आला.

"ये पोरी, खाली," ती म्हणाली. "टायरं तू काढ, लीअॅन. मला वाकवत नाही."

खाली ग्लेनिस नुसती मोजत होती. मधल्या लांबलचक टेबलापाशी आली तेव्हा म्हणाली की टेबलं घराच्या किमतीत धरत नाहीत, आणि वळसा घालून पुढे गेली. भट्टीच्या घुमटावर तळहात ठेवून उभी राहिली, मग आकडा सांगितला.

"एवढे हजार? एका भट्टीला?" नुन्झियाता म्हणाली. "माझ्या दिराने बांधली ती, तुरीने. एका डुकराच्या मजुरीवर."

"आता डुकरावर कुणी येत नाही."

"डुक्कर चांगलं होतं."

सगळ्याची बेरीज अल्फिओच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाली. तीन दिरांचे हात, विटा उतरवणारा माणूस, सासूने शिजवलेली जेवणं, जे काही तेव्हा फुकट होतं त्या सगळ्याला आता मजुरी होती, आणि वादळात टिकावं म्हणून खांबाखांबात लोखंडी सळ्या. हप्ताही त्या मानाने वाढणार. नुन्झियाताने कबरीवर बसवायला संगमरवरी देवदूत सांगून ठेवला होता, पैसे बाजूला काढले होते. ती म्हणाली, अल्फिओ नऊ वर्षं देवदूताशिवाय पडलाय, अजून पडेल.

पण एक गोष्ट ग्लेनिसने बूट घालता घालता सांगितली. पालिकेचा कागद नसेल तर मी आकडा लिहूनही कंपनी खालचं काही देणार नाही. अर्ज केलेला असला तर त्याची पोच जोडता येईल. छत बुटकं आहे. नुसतं स्वयंपाकघर म्हणून चालून जाईल. माणसं बसायची, जेवायची खोली म्हणून नाही चालणार.

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी पालिकेत गेल्या. जिला ती पन्नास वर्षं चुकवत आली ती कचेरी थंडगार होती, आणि काउंटरवरचा माणूस नातवाच्या वयाचा, केसांचा भांग पाडलेला. त्याने बांधकामाचं वर्ष विचारलं. तिने खरं सांगितलं. त्याने दंड सांगितला. तिने पर्स उघडली. त्याने खोलीचा वापर विचारला.

"स्वयंपाक," ती म्हणाली.

"जेवता पण तिथेच?"

लीअॅनने काउंटरखाली तिच्या पायावर पाय ठेवला. नुन्झियाताच्या घशापाशी बासष्ट माणसं रांगेने उभी होती. धाकट्या मुलाच्या लग्नाला खालच्या टेबलाशी जेवलेली, एका पंगतीत, कुणाचं कोपर कुणाला न लागता, आणि शिवाय सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढलं होतं. या शहरात तेवढं कुणाच्या घरी झालं नव्हतं, पेपिनाच्या तर नाहीच.

"मी उभ्यानेच खाते," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. त्या टेबलाशी ती कधीच बसली नव्हती. वाढायला दुसरं होतं कोण? त्या माणसाने 'स्वयंपाक' एवढंच लिहिलं, तपासनीस येईल म्हणाला आणि शिक्का मारलेली पोच दिली. ती तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली.

बाहेर पार्किंगमध्ये एक अनोळखी म्हातारा गाडीत खताच्या गोण्या चढवत होता. नुन्झियाता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बासष्ट," ती म्हणाली. "एका पंगतीत."

त्याने गोणी खाली ठेवली आणि टोपी मागे सरकवली. लीअॅनने गाडी सुरू केली, एसी लावला, आणि दार उघडं ठेवून बसून राहिली.