न विकलेला तोटा

पंच मशीनने पाडलेली कागदाची एक पांढरी टिकली नवऱ्याच्या बाहीला चिकटली होती, आणि ती उचलावी की राहू द्यावी, एवढाच विचार ती कितीतरी वेळ करत बसली होती – समोर टेबलापलीकडे भाची कर समजावून सांगत होती, शब्द कानावर पडत होते, पण नजर काही त्या टिकलीवरून हलत नव्हती. भाची म्हणजे मावसबहिणीची मुलगी. लहानपणी हिच्या फोटोफ्रेमच्या दुकानात येऊन काचेला बोटं लावायची आणि ओरडा खायची. आता करसल्लागार झाली होती, आणि मावशीने तिच्यासमोर शहाण्या मुलीसारखं हात जुळवून बसायची वेळ आली होती.

"हे बघ मावशी, खोली विकून आले ते सगळे पैसे म्हणजे नफा नव्हे. तुझ्या आत्याने ती ज्या भावाला घेतली होती तो भाव वजा. तू वर नवीन छप्पर घातलंस त्याचा खर्च वजा. उरला तो नफा, आणि कर फक्त त्याच्यावर."

"फक्त म्हणतेस, पण तोच केवढा आहे!"

"आत्याबाईंनी फार स्वस्तात घेतली होती ना. त्याला काय करणार!"

आता यात आत्याचा काय दोष? तिने आपली पोटाला चिमटा काढून एक खोली घेतली, म्हातारपणी तीत एकटी राहिली, आणि जाताना हिच्या नावावर करून गेली. ती विकून दुकानाचा गाळा घ्यायचा होता. एवढी वर्षं भाड्याने असलेला गाळा मालक विकायला निघाला होता – आधी तुम्हाला विचारतो, म्हणाला, नाहीतर शेजारचा चष्मेवाला तयारच आहे. आणि कर भरून जे हातात राहत होतं त्यात गाळा बसत नव्हता. थोडक्यासाठी बसत नव्हता, म्हणून तर जीव जास्त जळत होता.

"आता एकच राहिलं," भाची म्हणाली. "तुझ्या नावावर शेअर्स वगैरे आहेत का? तोट्यातले असले तर उत्तमच. तो तोटा या नफ्यातून वजा होतो. पण ते आज विकायला हवेत, दुपारी बाजार बंद व्हायच्या आत. आज आर्थिक वर्ष संपतंय. नुसता भाव पडून उपयोग नाही, विकल्याशिवाय तोटा धरत नाहीत." मग नवऱ्याकडे वळून हसत, "काय शेठकाका, ठेवलंय का काही दडवून?"

"छे छे! तसलं काही नाही आमच्याकडे," नवरा म्हणाला.

फार लवकर म्हणाला. प्रश्न संपायच्या आतच. तिने मान खाली घातली... शेअर्स होते. तिच्या नावावर होते, तोट्यातले होते, आणि ते तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे नवऱ्याला माहीत नव्हतं.

शेअर्सचं खातं त्यानेच उघडलं होतं, तिच्या नावावर. "तुझं उत्पन्न कमी, तुझ्या नावावर कर कमी बसेल," असं म्हणाला होता, आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होऊन दोन दिवस घरात शीळ घालत हिंडला होता. तिने सह्या केल्या. दुकानातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे दिले. खातं त्याच्या फोनवर चालायचं. ती कधी विचारायची, तो म्हणायचा, वाढतायत हळूहळू. मग एकदा शेअर दलालाच्या ऑफिसातला एक कारकून मुलीचं प्रमाणपत्र फ्रेम करायला आला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "बाई, अजून त्याच कंपनीत अडकलाय का हो तुम्ही? निघा बाहेर. राहिलंय काय तिच्यात आता?" ती हो हो म्हणाली. प्रमाणपत्राला फ्रेमची कुठली पट्टी शोभेल ते दाखवलं. तो गेल्यावर मात्र खुर्चीत बसली, ती किती वेळ उठलीच नाही.

तेव्हाच का नाही विचारलं? रात्री जेवताना विचारता आलं असतं. पण समोर बसलेला तो माणूस पाण्याचा पेला पुढे सरकवत "आज दमलेली दिसतेस" असं म्हणाला, आणि तिला त्याच्या भावाच्या घरचा तो दुपारचा प्रसंग आठवला. त्याचा पहिला धंदा बुडाला तेव्हाचा. भावाने सगळ्यांसमोर "या, शेठ, या!" म्हणून त्याला हाक मारली होती, आणि सगळे हसले होते – तीही हसली होती, सवयीने, काही न कळून – आणि त्याने सगळ्यांना सोडून एकदा फक्त तिच्याकडे पाहिलं होतं. ते शेठ त्याला कायमचं चिकटलं. आजही लहान पोरंटोरं तसंच म्हणतात, आणि तो हसतो. म्हणून तिने ठरवलं, आपण विचारायचं नाही. तो आपणहून सांगेल.

भाचीच्या ऑफिसातून ते निघाले. रस्त्यात तो नको इतकं बोलत होता – गाड्यांबद्दल, खणून ठेवलेल्या फुटपाथबद्दल. ती हं हं करत होती. आता सांगेल, त्या कोपऱ्यावर सांगेल, निदान दुकानाचं शटर वर करताना तरी... शटर वर गेलं. त्याने स्टूल ओढून घेतलं आणि फोनवर काहीतरी बघत बसला. ती कामाला लागली. एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो होता, संध्याकाळपर्यंत हवा होता. तिने काचेवर पट्टी धरली, हिऱ्याच्या कटरने रेघ ओढली, कडेला हलकेच दाबलं. काच रेघ सोडून भलतीकडेच तडकली.

"लागलं का?" तो उठून उभा राहिला.

"नाही हो. बसा तुम्ही."

तो बसला नाही. फ्रेमच्या पट्ट्या कापून उरलेल्या तुकड्यांच्या ढिगाकडे, भिंतीवर टांगलेल्या नमुन्यांकडे, वर छताकडे, असा सगळीकडे पाहत राहिला, आणि मग अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला, "मी काय म्हणतो, गाळ्याचं राहू दे ना. मालकीचा घेऊन काय करायचंय? दुसरीकडे भाड्याने बघू. आता तुलाही झेपत नाही पूर्वीसारखं."

तिच्या हातातला कटर तसाच राहिला. म्हणजे असं! आपलं झाकून ठेवायला हा माझा गाळा द्यायला निघाला... या टेबलाची उंची माझ्या कमरेच्या मापाने केलेली, या खिडकीतून उजेड कधी कुठे पडतो ते मला डोळे मिटून सांगता येतं, आणि हा म्हणतो दुसरीकडे बघू! पैसे गेले ते गेले, अक्कलखाती जमा. पण निदान त्या गेलेल्या पैशांचा आज एकदाच उपयोग होता, आणि तो एक शब्द बोलला की होणार होता, आणि त्याला तो एक शब्द माझ्या दुकानाहून महाग वाटत होता. तिला त्याचा इतका संताप आला की तिने काचेचे तुकडे झाडूने गोळा करायला घेतले, नाहीतर तोंडून काय निघालं असतं कोण जाणे.

फोन वाजला. भाची होती. "मावशी, सहज केला. काका नाही म्हणाले, पण तू एकदा आठवून बघ हं. जुनं काही, विसरलेलं. अजून बाजार उघडा आहे."

"बघते," ती म्हणाली.

नवऱ्याने ऐकलं होतं. भाचीचा आवाज मोठा आहे, आणि दुकान लहान. तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात काय होतं ते तिला कळेना – भीती होती, विनवणी होती, की आणखी काही? याला कळलंय का? कधीपासून? मग त्याने आपला फोन टेबलाच्या कडेला ठेवला, स्क्रीनची बाजू वर करून, आणि "मी चहा सांगून येतो" म्हणून तो बाहेर गेला. फोन तो कधी असा टाकून जात नाही. पायरीवर थांबला असावा. चपलांचा आवाज पुढे गेला नाही.

आता बोलायला काय हरकत होती? ती त्या फोनकडे पाहत राहिली आणि आपल्याला राग यावा म्हणून थांबली. राग आलाच नाही. आली ती विचित्र धास्ती. कारकून येऊन गेल्यापासूनचे दिवस तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तो कुरकुरला तेव्हा ती मनात म्हणाली होती, कुरकुर बापडा, मी तुझं केवढं पोटात घातलंय तुला काय ठाऊक! तो वाद घालायचा, ती हसून माघार घ्यायची, आणि त्या माघारीत केवढं सुख असायचं. झोपलेल्या नवऱ्याकडे बघून वाटायचं, किती सांभाळते मी याला. एवढ्या वर्षांच्या संसारात ती कधी इतकी समजूतदार नव्हती. रोज त्याला गुपचूप माफ करायचं, आणि रोज त्याच्याहून बोटभर उंच व्हायचं... तो सांगत नव्हता हे खरं. पण त्याने सांगावं असं तिला तरी खरंच वाटत होतं का? एकदा का तो म्हणाला, चुकलं माझं, की संपलंच. मग तो तोटा दोघांचा. मग ती पुन्हा नुसती बायको, भावाच्या घरी सगळ्यांबरोबर हसलेली.

तिचे कान गरम झाले. तोटा त्याने लपवला होता. पण त्यावर इतके दिवस कमावत होती ती, आणि ती कमाई तिने कुणालाच दाखवली नव्हती, स्वतःलासुद्धा.

बाहेर तो अजून उभाच होता. चहावाल्याला हाक मारल्याचं काही ऐकू आलं नव्हतं. वेळ जात होता.

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना. "आत या ना जरा."

पायरीवर चपला वाजल्या. आधी त्याला बोलू द्यायचं की आधी आपण बोलायचं, हे तिला अजून कळलं नव्हतं. पण आत येणाऱ्या त्या माणसाकडे वर मान करून पाहायची आपल्याला लाज वाटतेय, एवढं मात्र तिला पहिल्यांदाच कळलं.