तीन फुटांतला चुक्की

राजेश्वरी पूजेला बसली की पाठीमागून आवाज यायचा. टाकीतल्या बुडबुड्यांचा तर रात्रंदिवस असायचाच, पण त्यात मधूनच एक ठप्प. माशाची शेपटी काचेवर आपटल्याचा. तळहातावरच्या इष्टलिंगावर नजर ठरावी, श्वास संथ व्हावा, तेवढ्यात ठप्प. ती मागं वळून बघायची नाही. पण मन मात्र उठून टाकीपाशी जाऊन उभं राहायचं.

टाकी सोमेशनं, तिच्या मुलानं आणलेली. तिच्या नवऱ्याची, शरणप्पांची बायपास झाली, शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना मुलाच्या हाती गेला, आणि उभी हयात शिलाईमशीनच्या घरघरीत काढलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडं बघायला लागला. मासे बघितले की बीपी उतरतं, असं सोमेशला कुणीतरी सांगितलं. पुण्याला कापड बघायला गेला होता, तिथून तीन फुटांची टाकी, समुद्राचं पाणी तयार करायचं मीठ आणि एक मासा घेऊन आला. मासा दोन बोटांएवढा. दुधासारखा पांढरा, अंगभर काळे ठिपके. पोहायचा असा, की नुकतं चालायला लागलेलं पोर दुडदुडतंय. शरणप्पा घरात निम्मं कानडी बोलायचे. कानडीत ठिपक्याला चुक्की म्हणतात, तेच नाव पडलं.

"हा टाकीपुरताच वाढतो म्हणे," सोमेशनं सांगितलं होतं.

तिसरं वर्ष लागलं तेव्हा चुक्की दीड वितीच्या वर गेला होता. टाकीची रुंदी त्याच्या लांबीएवढी. एका टोकाला जायचं, अंग दुमडायचं, काचेला घासत वळायचं, परत दुसऱ्या टोकाला. आणि टोक तर लगेचच यायचं.

शरणप्पांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खुर्ची आता टाकीसमोर होती. सकाळचा पेपर ते चुक्कीला वाचून दाखवायचे. ऊस, पाणी, महापालिका, सगळं. चुक्की काचेला तोंड लावून ऐकायचा. निदान तसं दिसायचं खरं.

राजेश्वरीचा एक नेम होता. लग्नाआधी माहेरी, दुधनीला, मठातल्या अप्पांसमोर धरलेला. घरातल्या शेवटच्या जिवाच्या पोटात पडल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. सासरी आली तेव्हा दारात गाय होती, सासू-सासरे होते, कारखान्यातली दोन माणसं जेवायला असायची. दुपार कलायची तरी तिचं ताट मांडलेलं नसायचं. हळूहळू सगळे गेले, सोमेशनं सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात वेगळा संसार मांडला. आता घरात नवरा आणि मासा.

चुक्कीला कोळंबी लागायची. कोळंबीसाठी जिन्याखाली वेगळा छोटा फ्रीज होता आणि वेगळा चिमटा. राजेश्वरी त्या बाजूला फिरकत नसे. त्याचा जन्मच तसला, त्याला भाकरी कशी चालायची, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. दुपारी शरणप्पा बाहेरच्या खोलीतून सांगायचे, "चुक्कीदु ऊट आय्तु." त्याचं जेवण झालं. मग ती स्वतःचं ताट वाढून घ्यायची.

मंगळवेढ्याला पुतणीच्या घरी बारसं निघालं, शरणप्पा पहाटेच्या एसटीनं गेले. जाताना म्हणाले, "त्याला मी सकाळीच दिलंय. तू काही घालू नको."

ती दुपारी ताटावर बसली आणि ठप्प झालं. परत झालं. उठून बघते तर चुक्की पाण्यात वर येऊन तोंड उघडतोय, मिटतोय. तिनं सहज काचेवर बोट ठेवलं, तसा तो बोटावर असा धावला की काच हलल्यासारखी वाटली. तेव्हा ती पहिल्यांदा नीट बघत होती. डोकं मोठं, पाठ रुंद आणि पोट आत ओढलेलं. भरल्या घरातल्या जिवाचं पोट असं नसतं.

जिन्याखाली जाऊन तिनं फ्रीज उघडला. पदर नाकाला लावून, तोंड फिरवून चिमट्यात एक कोळंबी धरली. चुक्कीनं ती चिमट्यासकट ओढली. निम्मं पाणी तिच्या अंगावर. तिनं दुसरी दिली, तिसरी दिली. मग आत येऊन वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी शरणप्पा ज्वारीची पिशवी घेऊन दारात आले.

"सकाळी चुक्कीला काय दिलं होतं?" तिनं विचारलं.

"नेहमीचंच की."

"नेहमीचं म्हणजे किती?"

शरणप्पा चपला काढत राहिले. साध्या चपलांना एवढा वेळ लागत नाही.

"अगं, कमी घातलं की वाढ आवरते म्हणाला दुकानदार. म्हणून दोन दिवसांआड देतोय. मरत नाही तो, चिवट जात आहे."

"आणि मला रोज सांगता ते?"

"तुझा नेम मोडू नये म्हणूनच की."

राजेश्वरी पिशवी उचलून आत गेली. ज्वारी डब्यात ओतत राहिली. किती दुपारी ती निवांत जेवली होती, पोटभर, वर ताक पिऊन, आणि पलीकडं तो काचेवर डोकं आपटत होता. नेम तिचा, आणि मोडत होता दुसराच माणूस, तेही नेम टिकावा म्हणून.

शरणप्पा मागोमाग आले. "तू नाही का करत? सोमवार झाला, शिवरात्र झाली. तसा त्याचाही उपास समज."

"मी करते तो मी धरलेला असतो," ती हळूच म्हणाली. "त्याला कुणी विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. शरणप्पांचं लक्ष जेवणात नव्हतं.

"आता तू उपोषणाला बसणार? मंडप घालू का दारात?"

"मंडप कशाला? त्याला घाला, मी जेवते."

त्यांनी घातलं. तिनं स्वतः समोर उभं राहून बघितलं. त्या दिवसापासून रोज असंच. चुक्कीचं पोट भरून आलं, ठिपके तकतकायला लागले. शरणप्पा म्हणाले, बघ, झालं तुझ्या मनासारखं. पण तिच्या मनाला काही स्वस्थता नव्हती. खायला मिळालं तसा तो आणखी वाढला. आता वळताना नाक घासायचं, नाकावर पांढरा चट्टा पडला. एका सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात ती प्रदक्षिणा घालायला लागली. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच, पाणी वाहून जातं तिथवर जायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. एरवी पाय आपोआप फिरायचे. त्या दिवशी ती परत फिरताना थबकली आणि मागच्या बाईचा धक्का लागला.

"तळ्यात सोडून द्या की," शेजारची महेश्वरी म्हणाली. "सिद्धरामाचं तळं. माशाचं कल्याण आणि तुम्हाला पुण्य."

"खाऱ्या पाण्यातला आहे तो. गोड्या पाण्यात जीव जाईल त्याचा."

"मग समुद्रात."

सोलापुरातनं समुद्र. राजेश्वरीनं हसून विषय टाळला. घरी मोठी टाकी घ्यायची म्हटलं तर पहिल्या मजल्याचा स्लॅब तेवढं पाणी पेलणार नाही, असं सोमेशनं सांगून टाकलं होतं.

वाट शेवटी सोमेशनंच काढली. विजापूर रोडला शहाजी नावाच्या माणसाचं हॉटेल होतं, तिथं खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची बारा फुटांची टाकी होती आणि तो चुक्कीला घ्यायला तयार होता. शरणप्पांनी विचारलं, कसलं हॉटेल?

"मासळीचं."

शरणप्पा खुर्चीतून उठले आणि परत बसले. "तळून खातील त्याला. उद्या मेनूवर लागेल."

"मी बघून येते," राजेश्वरी म्हणाली.

असल्या हॉटेलची पायरी तिनं जन्मात चढली नव्हती. वास लांबूनच आला. पदर तोंडावर घट्ट धरून ती गल्ल्यापाशी उभी राहिली. शहाजी तुळशीची माळ घातलेला, धिप्पाड माणूस.

"वैनी, तळायचे मासे येगळे, ते बर्फातनं येतेत," तो म्हणाला. "ह्यो बघायचा. आन् खरं सांगू का, मी सोता माळकरी हाय. मासा खात न्हाय, निस्ता इकतो."

शरणप्पांना बाहेर रिक्षात बसवून ठेवलं होतं. नंतर त्यांना हे सांगितल्यावर ते कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसले.

"आणखी वाढेल किती तो?" त्याआधी तिनं शहाजीला टाकीसमोर विचारलं.

"दोन फुटांच्या वर जाईल म्हणतेत."

"मग ही टाकी पुरेल?"

शहाजीनं मान खाजवली. "काही वर्सं काढंल की. म्होरचं म्होरं बघू."

"बघू बघू करतच तो आमच्याकडं एवढा झाला," राजेश्वरी म्हणाली. पण तिलाही दुसरी जागा सुचत नव्हती.

रविवारी सकाळी चुक्कीला काढलं. जाळीत पंख अडकतील म्हणून शरणप्पांनी बाह्या सारून टब पाण्यात बुडवला आणि कानडीत बोलत राहिले, "बा, चुक्की, बा." ये रे, ये. इतक्या वर्षांत त्यानं त्यांचं कधी काही टाळलं नव्हतं. तो आपणहून टबात शिरला. शरणप्पांनी तोंड फिरवून बाही डोळ्यांना लावली. ती ओली होती, त्यामुळं काही कळलं नाही.

शहाजीच्या टाकीत सोडल्याबरोबर चुक्की दगडामागं गेला आणि दिसेना. हॉटेल भरायला लागलं. वेटर दोनदा येऊन उभा राहिला, तेव्हा शरणप्पांनी दोन जिरा सोडा मागवले, बाटल्या समोरच फोडायला लावल्या. समाजातलं कुणी बघेल म्हणून ते खांबाआड सरकून बसले. राजेश्वरी टाकीकडं तोंड करून बसली होती. सोड्याचा फेस गेला तरी मासा काही बाहेर येत नव्हता.

"चल," शरणप्पा म्हणाले.

तेवढ्यात दगडामागून पांढरं काहीतरी हललं. चुक्की बाहेर आला. काचेशी थांबला, मग निघाला. ती उठून त्याच्याबरोबर चालायला लागली. घरी एका जागी उभं राहून तो आख्खा दिसायचा. इथं त्याच्या मागं जायचं तर टेबलं ओलांडावी लागत होती. एक गृहस्थ तोंडात घास तसाच ठेवून खुर्ची पुढं ओढून घेते झाले. पदर कधी खांद्यावर उतरला, तिला कळलंच नाही. पलीकडच्या टोकाला चुक्की वळला, अंग न दुमडता, पाण्यात मोठा वळसा घेऊन.

शरणप्पा मागून आले. "जेवायची वेळ टळली तुझी. आता घरी जाऊन जेव. तो आपल्या घरातला राहिला नाही."

ते म्हणताना त्यांनाच ते पटलेलं नव्हतं, हे तिला ऐकू आलं. तिनं शहाजीकडं बघितलं. "तुम्ही ह्या माशांना खायला कधी घालता?"

"सांजच्याला. गिऱ्हाइकाला बघाया मजा येती."

राजेश्वरी काचेपाशी उभीच राहिली. चुक्की परत फिरून त्यांच्यासमोरून गेला, थांबला नाही.

शरणप्पांनी घड्याळ बघितलं. सांजेला अजून वेळ होता. मग जवळची खुर्ची तिच्यासाठी ओढली, एक स्वतःसाठी ओढली, खांबाआड नव्हे, भर मधोमध, आणि आणखी दोन सोड्यांसाठी वेटरला हाक मारली.