सोमवारचा तिसरा लोड

दवाखान्याच्या वरच्या मजल्यांवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतं; तळघरात काय चालतं ते कुणी विचारत नाही. तळघरात ऑटोक्लेव्ह होतं, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं मोठं वाफेचं यंत्र, आणि ते चालवणाऱ्या काकू होत्या. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे वापरून झाले की खाली यायचे. धुवून, मोजून, दुहेरी कापडात बांधून यंत्रात जायचे आणि वाफेतून निघून परत वर. एका ऑपरेशनच्या हत्यारांचं एक गाठोडं, त्याला सगळे ‘सेट’ म्हणत. यंत्रात एका वेळी गेलेले सगळे सेट मिळून एक ‘लोड’. सव्वीस वर्षं काकूंनी हेच केलं. नवी पोरगी कामाला आली की पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकायच्या.

“सेट ओला बाहेर काढलास तर केलेलं सगळं पाण्यात. ओल्या कापडातून बाहेरची घाण सरळ आत शिरते. वाफ झाल्यावर चाळीस मिनिटं यंत्रातच वाळू द्यायचं. वरून मोठे डॉक्टर फोनवर किंचाळले तरी चाळीस म्हणजे चाळीस.”

आता काकूंची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच झालं, असं म्हटलं तर काकू रागावतील. पण सगळं घडलं ते त्या बाजूमुळेच. काकू ख्रिस्ती, आणि नावापुरत्या नव्हेत. रोजच्या जगण्यातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे शास्त्रातलं वचन तयार. शेजारीण भांडली, वचन. दूध नासलं, तरी वचन. सून चेष्टेनं विचारायची, “आई, कुकरच्या शिट्टीबद्दल काही लिहिलंय का हो?” आणि काकूही पोट धरून हसायच्या. मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने सासू, सून आणि तीन वर्षांची नात. सुनेला तळघरात कामाला लावलं ते काकूंनीच. मेट्रनबाईंना त्या म्हणाल्या होत्या, “माझ्या हाताखाली ठेवा, जबाबदारी माझी.”

मंगळवारी दुपारी काकू रजेवरून परत आल्या आणि सवयीप्रमाणे आदल्या दिवसाच्या कागदी पट्ट्या काढून बसल्या. प्रत्येक लोड झाला की यंत्र एक पट्टी छापतं: वाफ किती चढली, किती वेळ टिकली, वाळवण किती. सोमवारी पहिला लोड, वाळवण चाळीस. दुसरा, चाळीस. तिसरा, आठ. चौथा, सात. खाली सुनेची सही.

काकूंनी चष्मा पुसून परत पाहिलं. आठ आणि सात. मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या पंख्याकडे गेलं. तो कोपऱ्यात असायचा, आता साठवणीच्या कपाटाकडे तोंड करून होता. काय झालं ते त्यांना लख्ख कळलं. पोरीनं सेट ओलेच बाहेर काढले आणि पंख्याखाली वाळवले होते. सेटवर चिकटवलेल्या टेपला उष्णता लागली की काळ्या रेघा उमटतात. वरचे लोक त्या रेघा बघतात आणि सेट उघडतात. ओला निघाला की कोरडा, हे टेप सांगत नाही. दोन लोडचे बावीस सेट. कपाटात उरले होते अकरा. बाकीचे वर गेले होते.

 काकूंचा हात फोनकडे गेलासुद्धा. वर फोन करायचा, सोमवारचा तिसरा-चौथा लोड परत पाठवा म्हणायचं, की काम झालं. पण त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो आणि फॉर्मवर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की मेट्रनबाई, मेट्रनबाई आली की चौकशी, आणि सुनेच्या पोटावर पाय. नुसती नोकरी गेली असती तर एक वेळ ठीक, पण अशा गोष्टीत पोलीसही येतात.

आणि इथेच काकूंना वचन आठवलं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, या बाबतीत भारी कडक शिस्त होती. कुणाचा अपराध दिसला तर आधी त्याच्याकडे एकट्यानं जायचं, दोघांतच बोलायचं. त्यानं ऐकलं तर आपला माणूस परत मिळाला, विषय तिथेच संपला. नाही ऐकलं, तर दोघा साक्षीदारांना घेऊन जायचं. तरीही नाही, तर मग मंडळीपुढे. कुणी पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, तक्रार घेऊन गेलं की पाळकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “एकट्यानं जाऊन बोललात का?” नाही म्हटलं की आल्या पावली परत. खोटं कशाला बोला, या शिस्तीनं कितीतरी घरं सावरली होती. चुगल्या बंद झाल्या होत्या. काकूंनी फोन खाली ठेवला आणि त्यांना हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच त्यांनी नीट तपासायला हवं होतं. पण आपल्या सोयीचं वचन सापडलं की कोण तपासत बसतं?

संध्याकाळी नातीला खेळायला बसवून त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

“सोमवारी तू काय केलंस ते मला कळलंय,” त्या म्हणाल्या.

 सून ओट्याला धरून खालीच बसली. “आई, मी एकटी होते हो. वरून दर पाच मिनिटांनी फोन. तो मोठा डॉक्टर काय काय बोलला मला. आणि सहाला पाळणाघर बंद होतं. गेल्या वेळी उशीर झाला तर हिला रस्त्यावरच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं त्यांनी. मला वाटलं, दोनच लोड…”

“माणसाच्या पोटात जातात ती हत्यारं!”

“माहीत आहे. मला झोप नाही आली रात्रभर. परत नाही करणार, आई. पोरीची शपथ.”

“शपथ घेऊ नकोस,” काकू म्हणाल्या. “हो म्हणजे हो, तेवढं पुरे.”

दोघी रडल्या. काकूंनी तिला जवळ घेतलं, क्षमा केली, दोघींनी प्रार्थना केली. आणि सांगायला हवं की सुनेनं शब्द पाळला. त्यानंतर एकही लोड तिनं चाळीसच्या आधी उघडला नाही. पहिल्याच पायरीवर माणूस परत मिळालं होतं. शास्त्रात सांगितलंय अगदी तसं.

बुधवारी सकाळी काकू लवकर गेल्या. कपाटातले अकरा सेट त्यांनी गुपचूप सोडले, परत बांधले, परत यंत्रात घातले. पट्ट्या फाइलमध्ये पार मागे लावल्या, जिथे कुणाचा हात जात नाही. वर गेलेल्या अकरांचं काय करायचं हा विचार दिवसभर डोकं खात होता. दोनदा त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि परतल्या. मनाला समजावत राहिल्या, एवढ्यानं दर वेळी काही होतंच असं नाही. वरचे डॉक्टर औषधं देतातच. आणि मिटलेलं प्रकरण परक्यांपुढे उघडं करून पोरीची अब्रू काढायची, ही कसली क्षमा? संध्याकाळी मंडळीच्या बैठकीत त्यांनी घरातल्या एका बहिणीला बळ मिळावं म्हणून प्रार्थनेची विनंती केली. सुनेचं नाव सांगितलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटले.

गुरुवारी एका बाईचं आतड्याचं ऑपरेशन झालं. साधं होतं, आठवड्यात घरी जाणार होती.

रविवारी तिला परत टेबलावर घेतलं. सोमवारी सकाळी तिची हत्यारं खाली आली. ट्रेबरोबर एक चिठ्ठी होती: पोटात पू, वेगळं धुवा. काकूंनी चिठ्ठी परत परत वाचली. मग हातमोजे काढले आणि कधी नव्हे ती लिफ्ट पकडून वर गेल्या. प्रत्येक सेटचं लेबल पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवतात. नर्सची नजर चुकवून त्यांनी पान उलटलं. पहिल्या ऑपरेशनचं लेबल: सोमवार, तिसरा लोड.

बाई आणखी नऊ दिवस जगली. काकू रोज जेवणाच्या सुट्टीत वर जायच्या, काचेपलीकडून बघायच्या. एकदा तिनं डोळे उघडून काकूंकडे पाहिलं आणि ओळखीचं माणूस असावं तसं किंचित हसली.  दहाव्या दिवशी पलंग रिकामा दिसला. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, शरीरानं साथ दिली नाही. कुणालाही कसलीच शंका आली नाही.

शनिवारी काकू पाळकांच्या खोलीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाळक भला माणूस. ऐकताना त्यांचा चेहरा उतरला.

“काकू, जंतू कुठूनही येऊ शकतात,” ते म्हणाले.

“येऊ शकतात. पण मला तिसरा लोड माहीत होता.”

“तुम्ही वचनाप्रमाणे केलंत. एकट्यानं गेलात. तिनं ऐकलं, पश्चात्ताप केला. यात तुमचं काय चुकलं?”

“तेच तर!” काकू ताडकन उठल्या. “सगळं बरोबर केलं मी! अपराध करणारीला सावरलं, जवळ घेतलं, तिचे डोळे पुसले. आणि ते अकरा सेट? ते कुणाच्या पोटात जाणार हे मी एकदासुद्धा विचारलं नाही. ते वचन चुकलेल्या भावाला वाचवायला दिलंय, पाळकसाहेब. मी त्याचा पडदा केला आणि घर वाचवलं. आणि आपल्यात कुणी सांगितलंच नाही, की आत माणूस जळत असेल तर एकट्यानं जाऊन हळूच बोलायचं नसतं, बोंब मारायची असते!”

 पाळक म्हणाले, आपण प्रार्थना करू या. काकूंनी हात जोडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाळकांपुढून तशाच उठून गेल्या.

रात्रीची भांडी आवरताना त्यांनी सुनेला सांगितलं, उद्या मी त्या बाईच्या नवऱ्याकडे जाणार आणि सोमवारी मेट्रनबाईंकडे. सुनेच्या हातातली ताटली निसटली.

“तुम्ही क्षमा केली होती मला.”

“केली होती. अजून आहे.”

“मग? हिला कोण बघेल, मी आत गेले तर? तुमच्या मुलाला काय सांगू?” ती ओरडली. “तुम्हालाही सोडणार नाहीत, आई!”

“नकोच सोडायला,” काकू म्हणाल्या. “माझ्या वाट्याची क्षमा मी दिली. त्या माणसाच्या वाट्याची मी कशी देणार? त्याला तर अजून माहीतच नाही, की आपल्यावर रागवायला हवं.”

सून नातीच्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

रविवारी उपासनेत अर्पणाची वेळ झाली. वेदीकडे अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर ते तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, ही शिकवण काकूंनी लहान मुलांच्या वर्गाला वीसेक वर्षं शिकवली होती. त्या बाकावरून उठल्या आणि सगळ्यांच्या देखत बाहेर पडल्या.

बाईचा नवरा पुस्तकांची बांधणी करायचा. दुकान बंद, पण दार लोटलेलं. आत खळीचा वास. तो एका जुन्या वहीची पानं दोऱ्यानं शिवत होता. घरी बसवत नाही म्हणून आलो, म्हणाला. काकू दवाखान्यातल्या आहेत हे कळल्यावर त्यानं खुर्ची पुसून दिली.

“तुम्ही लोकांनी खूप केलं हो तिच्यासाठी,” तो म्हणाला. “तिला कुणीतरी रोज काचेतून बघायला यायचं. मला सांगायची ती. तुम्हीच का त्या?”

काकूंना खुर्चीत बसवेना. उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं. यंत्र, चाळीस मिनिटं, पंखा, टेप, लेबल. सेट ओले काढणारी आपली सून हे सांगितलं, पट्टीवर सही तिचीच हेही सांगितलं.  हातातली सुई त्यानं टेबलावर ठेवली, मग उचलून डबीत ठेवली.

त्यानं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“मंगळवारी. दुपारी.”

“तिला आत नेलं गुरुवारी सकाळी.” तो बोटांवर मोजत होता, पोरं मोजतात तसं. “म्हणजे मधे अख्खा बुधवार होता.”

“हो.”

“दवाखान्यातच होतात तुम्ही? बुधवारी?”

“हो.”

“मग काय केलंत बुधवारी?”

काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी. कपाटातले अकरा सेट परत वाफवले हे सांगता आलं असतं. जिन्यापर्यंत गेले होते, दोनदा, हेही सांगता आलं असतं.

“प्रार्थना केली,” त्या म्हणाल्या.

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, उलट थोडी आशाच होती.

“तिच्यासाठी?” त्यानं विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या. “माझ्या सुनेसाठी.”