शेवटी टी

माझ्या साडूला ‘माहीत नाही’ एवढं म्हणता येत नाही. बाकी जगातलं सगळं येतं, असं त्याचं स्वतःचं मत. छापखान्यातले लोक त्याला ‘शब्दकोश’ म्हणत आणि तो ते कौतुक समजून मान डोलवायचा.

छापखाना आमच्या सासऱ्यांचा. तिथं त्यांनी पहिल्यापासून एक नियम घालून दिला होता. मजकुरातला शब्द लागला नाही, तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणायचं आणि विचारायचं. त्यासाठी कुणी रागावणार नाही. अंदाजानं छापलं, तर मात्र गय नाही. मी त्यांच्याच हाताखाली यंत्रावर वाढलो, पुढं त्यांची धाकटी लेक केली, तरी त्यांच्या लेखी मी आपला ‘अरे’च राहिलो. साडू मात्र ‘जावईबापू’. कचेरीतली नोकरी सोडून आला तो थेट मुद्रितं तपासायच्या टेबलावर बसला. का, तर इंग्रजी फर्डं!

मध्यंतरी एका शाळेची पुस्तिका छापायला आली. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, प्रत्येकाच्या शेवटी टी, आणि समोर मराठी अर्थ. क्विल्ट म्हणजे गोधडी, जॉइस्ट म्हणजे छताची तुळई, असं सगळं. मूळ प्रतीत ‘गॉन्ट’चा अर्थ पुसट झाला होता. गॉन्ट म्हणजे हडकुळा, गालफडं बसलेला. साडूनं कुणाला विचारलं नाही. स्पेलिंगात ‘आन्ट’ दिसली, त्यावरून त्यानं ठोकून दिलं, ‘दूरची मावशी’.

सगळीच्या सगळी पुस्तकं परत आली. शाळेच्या बाईंनी दारात उभं राहून ती ओळ मोठ्यानं वाचली, तेव्हा कामगार फिदीफिदी हसले. साडूनं लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

“मी बरोबर लिहिलं होतं. यानं यंत्रावर चढवताना घोळ घातला.”

त्यानं तपासलेलं मुद्रित त्यानं आधीच फाडून टाकलं होतं. सासऱ्यांनी मला काही विचारलंसुद्धा नाही.

“अरे, उद्यापासून तू बांधणीत बस,” एवढंच म्हणाले.

ज्यांना मी यंत्र शिकवलं, त्यांच्यासमोर मी पुस्तकांना पिना मारत बसलो. सासरे आता थकले होते, छापखान्याची किल्ली महिनाअखेरीस एका जावयाच्या हाती द्यायची होती, आणि ती कुणाच्या हाती जाणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी मूग गिळून गप्प बसलो खरा, पण प्रत्येक पिनेबरोबर मनातल्या मनात साडूचा अंगठा टोचत होतो.

रविवारी दुपारी आम्ही सगळे सासऱ्यांकडे जेवायला जात असू. जेवणं झाली की शब्दांचा डाव. अक्षरं किती आणि शेवटचं कुठलं हे आधी ठरायचं. मग एकानं शब्द सांगायचा आणि त्याच्या उजवीकडच्यानं अर्थ. छापखान्याचा नियम इथंही होता. ‘माहीत नाही’ म्हटलं तर एक डाव बाहेर बसायचं, बस्स. माझी बायको बहुतेक बाहेरच असायची.

“मेव्हणीबाई, तुम्हाला एवढं एकच वाक्य येतं का?” साडू दर वेळी विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

एका शनिवारी मला एकटाच पुटपुटताना पाहून बायकोनं ओळखलं.

“अहो, काय शिजतंय?”

मी सांगितलं.

“भांडायचंय तर समोरासमोर भांडा. हे बरं दिसत नाही.”

“मला बरं दिसायचंच नाहीये. मला त्याला तोंडावर आपटलेला बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी मी साडूच्या डाव्या हाताला खुर्ची ओढली. “बाबा, आज पाच अक्षरी घेऊ. शेवटी टी.” सासऱ्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण हो म्हणाले.

व्हॉल्ट झाला, यीस्ट झाला. बायको ‘फेन्ट’ला अडली आणि गुपचूप बाहेर बसली. तो शब्द सासऱ्यांचा. ‘एफ-ई’वाला फेन्ट म्हणजे हुलकावणी. मग माझी पाळी आली.

“ब्रॉल्ट. बी, आर, ओ, एल, टी,” मी म्हणालो.

असा शब्द कुठंच नाही. पिना मारता मारता मीच तो घडवला होता आणि घरातला जाडजूड कोश उघडून खात्री करून घेतली होती. साडू ‘माहीत नाही’ म्हणाला असता, तर माझा बेत तिथंच बोंबलला असता.

“ब्रॉल्ट होय? जहाजावरचा जाड दोर. जुना शब्द आहे. आमच्या कचेरीच्या पत्रांत यायचा.”

“नक्की?”

“मला विचारतोस?”

“मग छापू या?”

सासऱ्यांचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी धाकटीला कोश आणायला सांगितलं. तिनं पानं उलटली, बोट वरखाली फिरवलं.

“नाही, बाबा. असा शब्दच नाही.”

सासऱ्यांनी साडूकडे बघत कप खाली ठेवला.

“दूरची मावशी,” ते म्हणाले.

साडूचा चेहरा पार उतरला. माझ्या पोटात जो थंडावा पडला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. पण सासरे आता माझ्याकडे वळले होते.

“आणि तुला हा शब्द कुठं सापडला रे?”

“मी बनवला.”

“म्हणजे एकानं अंदाज ठोकला आणि दुसऱ्यानं मुद्दाम खोटा शब्द माझ्यासमोर ठेवला.” त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि धाकटीपुढं धरली. “घे.”

“बाबा, मला छपाईतलं काहीच माहीत नाही.”

“ते तू म्हणतेस ना? मग घे.”

सोमवारी मी तोऱ्यात यंत्राकडे निघालो. किल्ली घरातच आली होती, आणखी काय हवं!

“अहो, तिकडं कुठं?” बायकोनं आतून हाक मारली. “यंत्रावर यथावकाश बघू. सध्या बांधणीत. तुमच्या शेजारी भाऊजींची खुर्ची ठेवलीय.”

साडू आधीच येऊन बसला होता. समोर छापील कागदांचा ढीग आणि बोटावर रक्ताचा थेंब. त्यानं एक कागद असा धरून पाहिला, तसा धरून पाहिला. शेवटी इकडंतिकडं बघत, मान खाली घालून त्यानं मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाला काही विचारलं असेल.

“हा कुठून दुमडायचा रे? मला खरंच माहीत नाही.”

हजारो कागद दुमडले होते मी. हातातली पिन मारली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो,

“मलाही माहीत नाही.”