पट्टाभिषेकाआधी उठू नये

विनुताच्या मांडीवर तीन व्हिडिओ कॅसेटी होत्या. कोणती आधी लावायची हे रविवार उजाडला तरी ठरत नव्हतं.

तिचा थोरला भाऊ प्रद्युम्न कॉलेज अर्धवट टाकून मद्रासला सिनेमात गेला होता. नट व्हायला गेला आणि भूत होऊन बसला. पडक्या तेलघाण्यातल्या भुताचे ते तमिळ सिनेमे एकामागून एक निघतच होते. पाच झाले, सहावा येऊ घातला होता. अख्ख्या तंजावूरनं ते पाहिले होते, एक वेंकटरमणराव सोडून. वेंकटरमणराव म्हणजे विनुताचे अप्पा, निवृत्त हेडमास्तर. मुलगा घरी येतोय असं कळलं की ते पिशवी भरून कुंभकोणला बहिणीकडे निघून जात, आणि तो परत गेल्यावरच घरात पाऊल टाकत. आई, शेषम्मा, दर वेळी एका डोळ्यानं हसायची आणि एका डोळ्यानं रडायची.

आज संध्याकाळी प्रद्युम्न येणार होता. पिशवी दाराशी तयार होती. पण परवा अप्पा आपण होऊन म्हणाले, "त्यानें कशासाठीं घर सोडलें तें एकदां पाहूं दे. मग जायचें कीं राहायचें, ठरवतों." वर अट घातली, की त्याचं काम ज्यात आहे ते सिनेमे अथपासून इतिपर्यंत दाखवायचे, वेचून वेचून गोड तेवढं नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

प्रद्युम्न होता तीन भागांत. पहिल्यात तो आढ्याला उलटा लटकून कच्ची कोंबडी खात होता. तिसऱ्यात त्या भुताचं मढं जाळून त्याला मुक्ती देत होते, आणि चिता चांगली सावकाश दाखवली होती. पाचव्यात गोष्ट मागं जाऊन हा माणूस भूत होण्याआधी कोण होता ते सांगत होती. तो होता खेड्यातला शाळामास्तर. नेसायला धोतरासारखी पांढरी वेष्टी, हातात खडू, भोवती पोरं. अप्पा विरघळतील तर इथंच, हे विनुताला पक्कं ठाऊक होतं.

भाड्याचा व्हिडिओ डेक जोडायला आलेला अमरसिंह प्रद्युम्नचा बालमित्र. त्याचं कॅसेटचं दुकान होतं. तो म्हणाला, "पांचवा पहिल्यानें लाव. गोष्ट तिथूनच सुरू होते. मास्तर पाहिला म्हणजे अप्पा खूश."

"आणि शेवट चितेवर?" शेषम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली. "अय्यो, नको गं बाई! तुझ्या अप्पांचें पारायण ठाऊक आहे नव्हे?"

ठाऊक कसं नसेल? अप्पा रामायण वाचायला बसले की मध्ये कुठंही थांबावं लागो, शेवटी रामाच्या पट्टाभिषेकाचे, म्हणजे राज्यारोहणाचे, श्लोक म्हटल्याशिवाय पाटावरून उठत नसत. मरणावर पोथी मिटायची नाही. एकदा दूध उतू जाऊन चूल विझली, तरी ना ते उठले, ना कुणाला उठू दिलं.

पाचवा आधी लावावा तर शेवटी चिता. पहिला आधी लावावा तर कोंबडी पाहताच अप्पा पिशवी उचलणार. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी तिनं छाती घट्ट करून सिनेमे निघाले त्याच क्रमानं लावायचं ठरवलं: पहिला, तिसरा, पाचवा. कोंबडीच्या वेळी आपण फिल्टर कापीचा पेला घेऊन टीव्हीसमोर उभं राहायचं, असा तिचा बेत होता.

ती उभी राहिलीसुद्धा.

"बाजूला हो," अप्पा म्हणाले.

ती बाजूला झाली. पडद्यावर तिचा भाऊ पिसं थुंकत होता. अप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. विनुताचा जीव टांगणीला लागला. अप्पांनी कापी घेतली आणि बसून राहिले.

जेवणं उरकून तिसरा लावला. अप्पांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. विनुता पाचवी कॅसेट हातात धरूनच बसली होती. हा संपला की ती आत सारायची. आणि पडद्यावर प्रद्युम्नला चितेवर ठेवून कुणीतरी चूड लावली, तोच करंट गेला.

पंखा थांबला. अमरसिंह बाहेर डोकावून आला. सगळी गल्ली बंद होती, करंट कधी येणार कुणालाच माहीत नव्हतं. विनुताला रडू कोसळायच्या बेतात होतं. सगळ्या जगात थांबायला हीच जागा सापडली होती!

ऊन भिंतीवरून उतरलं. प्रद्युम्न येण्याची वेळ झाली. तिला राहवेना. अप्पांना जायचंच असेल तर दोघांची दारात गाठ पडू नये. मागच्या खेपेला पडली होती, आणि दादा आल्या पावली परत गेला होता.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "तो येईल आतां. कुंभकोणला निघायचें असलें तर..."

"पोराला चितेवर ठेवून उठूं?" अप्पा ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "कोणीं उठायचें नाहीं. करंट येऊं दे. पुढचें पाहूं, मग उठूं."

मग चौघं काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. शेषम्मा पदरानं डोळे टिपत होती. बाहेर ऑटो थांबली तरी कुणी हललं नाही.

प्रद्युम्न दारात आला. अंधुक खोली, आई रडतेय, सगळे भुईवर गप्प बसलेले; त्याच्या हातातली बॅग गळाली.

"काय झालें?" तो घाबरून म्हणाला. "अम्मा, कोण गेलें?"

अप्पांनी मान वळवली. पायांपासून डोक्यापर्यंत त्याला पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग भुईवर हात टेकून सावकाश उभे राहिले.

"उठा आतां," ते सगळ्यांना म्हणाले. "झाला पट्टाभिषेक."

प्रद्युम्नला काही कळलं नाही. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता, पायाशी अप्पांची भरलेली पिशवी. त्यानं सवयीनं ती उचलली आणि त्यांच्यापुढं धरली.

"मला काय देतोस?" अप्पा म्हणाले. "आंत घेऊन ये."