ढकलकाठी

बद्रीनाथ मिस्त्रीचं आऱ्याचं टेबल बैलगाडीतून घराचं काम काढलेल्या कारभारीच्या अंगणात उतरलं, तेव्हा निम्मी अंतरवाली सराटी गोळा झाली. गावात वीज नवीनच आलेली, विजेवर लाकूड चिरणारं टेबल कुणी पाहिलं नव्हतं. बद्रीनाथनं मात्र कुणाकडं पाहिलं नाही. त्यानं टेबलाच्या पायांखाली दगडाच्या कपच्या सारल्या, वर तांब्यातलं पाणी ओतलं, ते कुठं वाहतं ते बघून आणखी एक कपची ठोकली. डुगडुगणारं टेबल लाकूड उलटं अंगावर फेकतं. एवढं त्याचे हात त्याला न विचारता करत होते.

दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको दुर्गाबाई काविळीनं गेली. तेव्हापासून त्याला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, भूक नाही, भीतीसुद्धा नाही. लोक म्हणाले, गडी धीराचा. धीर कसला डोंबलाचा! मेव्हण्यानं, शिवाजीनं, ते बरोबर ओळखलं होतं. "दाजी, यंत्र इकून टाका. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याची बोटं आरा ठिवत न्हाई." बद्रीनाथनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पात्याला धार लावायला बसला.

दुर्गाबाई टेबलाच्या पलीकडं उभी राहायची. तो फळी पुढं सारायचा, ती चिरलेली फळी झेलायची, ओढायची नाही. फळी अरुंद असली की तिचं शेवटचं टोक पात्याजवळ येताच तो न बघता डावा हात पुढं करायचा आणि ती त्यावर ढकलकाठी ठेवायची. बाभळीची, टोकाला खाच पाडलेली. बोटांच्या जागी ती पात्याजवळ जायची. पलीकडून दुर्गाबाईचा हात पुरावा म्हणून ती चांगली दीड हात लांब होती. जेवायच्या वेळी दुर्गाबाई ती कमरेला खोचून ठेवायची. चिरताना पडलेले तुकडे घरधनिणीच्या चुलीचे, हा सगळीकडचा रिवाज. चुलीला काठी काय आणि तुकडा काय!

सकाळभर रुंद फळ्याच होत्या, काठी लागली नाही. ती टेबलाच्या पायाशी पडून राहिली. दुपारी कारभारीच्या बायकोनं, सोनूबाईनं, खालचे सगळे तुकडे पदरात भरून नेले आणि गरम भाकरी वाढल्या.

"कशी झाली भाकर, भाऊ?"

"चांगली हाय," बद्रीनाथ म्हणाला. चव लागलीच नव्हती.

जेवणानंतर चौकटीच्या अरुंद पट्ट्या चिरायच्या होत्या. पलीकडं कारभारी उभा राहिला. "ओढू नका, नुसती झेला," बद्रीनाथनं बजावलं आणि मोटर सुरू केली. पट्टी सरकत गेली. टोक जवळ आलं. त्यानं न बघता डावा हात पुढं केला.

हात तसाच राहिला. उजव्या हाताची बोटं पट्टीबरोबर पुढं चालली होती, पातं आता दोन बोटांच्या अंतरावर होतं आणि डावा तळहात रिकामाच. त्यानं वर पाहिलं.

"काय पाह्यजे, मिस्त्री?" कारभारी आवाजावर ओरडला. "काय देऊ?"

बद्रीनाथला भीती वाटली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं खटका पाडला. मोटर थांबली तरी तो उजवा हात छातीशी धरून उभाच होता.

"काठी कुठाय?" त्यानं विचारलं. "खाचेची?"

"आवं, ती व्हय?" दारातून सोनूबाई म्हणाली. "मला वाटलं तुकडाच हाय. भाकरीखाली लावली की मी!"

"मंग खाल्ली मी," बद्रीनाथ म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. कारभारीला काय करावं कळेना. तो तिथंच उभा राहिला, आणि ते बरं केलं.

बऱ्याच वेळानं बद्रीनाथनं तोंड धुतलं, बाभळीचा एक लांब तुकडा घेतला आणि वाकसानं टोकाला खाच पाडली. मापाला काठी टेबलावर आडवी धरली, पार पलीकडच्या कडेपर्यंत. जरा वेळ तशीच धरून ठेवली.

मग आपल्या हातापुरती वीतभर ठेवून बाकीची त्यानं कापून टाकली.